स्क्रीन नंबर एक

भुताच्या गोष्टी रात्रीच घडतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही वाचू नये. ही दुपारी घडली. खिडक्या उघड्या होत्या, खाली भाजीवाला ओरडत होता आणि आमच्या हॉलमध्ये लख्ख ऊन होतं.

यातलं एकही नाव मी बदललेलं नाही. बाकीची बदलता आली असती, पण वल्लरीचं नाव बदलायचा मला धीर झाला नाही.

मी रसिका. डोंबिवली पूर्वेला राहते. तारीख मागच्या वर्षीची, १५ सप्टेंबर. सोमवार.

पितृपक्षातली नवमी.

वल्लरी म्हणजे माझ्या नवऱ्याची पहिली बायको. डेंग्यूने गेली. तेव्हा तिची मुलगी, सान्वी, चार वर्षांची होती. माझं आणि प्रीतमचं लग्न झालं तोवर सान्वी साडेसहाची झालेली. माझं पहिलंच लग्न, तेही चौतिसाव्या वर्षी.

मी दिवा स्टेशनजवळच्या वस्तीतली. तिथे एका खोलीत आम्ही पाच जण आणि पाण्यासाठी पहाटेपासून रांग. या घरात आले तेव्हा नळाला पाणी बघून मला आपण जिंकलो असं वाटलं होतं. मग हळूहळू कळलं की नळसुद्धा तिने निवडलेला आहे. पडदे तिचे. मिसळणाच्या डब्यात मोहरी कुठे आणि हळद कुठे, हेही तिचं. मी वाट्या बदलल्या की प्रीतम काही न बोलता त्या होत्या तशा करायचा.

मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ना, ते मी रोज ऐकत होते. वल्लरीची आमटी अशी, वल्लरीचं अक्षर तसं. जिवंत सवतीशी निदान भांडता येतं.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिचा कॉम्प्युटर.

वल्लरी घरून लग्नपत्रिका आणि क्लासच्या नोट्स टाइप करायची. त्यासाठी तिच्या टेबलावर दोन स्क्रीन होते. डावीकडे मोठा, उजवीकडे लहान. मोठा मी लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात भंगारवाल्याला दिला. बिघडलाय म्हणून सांगितलं. तो बिघडलेला नव्हता. त्याच्या स्टँडचा चौकोनी डाग टेबलाच्या सनमायकावर राहिला तो राहिलाच. किती घासला तरी गेला नाही.

लहान स्क्रीन आणि मशीन मात्र ठेवावं लागलं, कारण त्यात वल्लरी होती. तिचे फोटो, तिचे व्हिडिओ. वल्लरी सान्वीची वेणी घालतेय, वल्लरी सान्वीला भरवतेय, वल्लरी हसतेय. रोज संध्याकाळी सान्वी स्टूल घेऊन तिथे बसायची. घरात त्याला म्हणायचे, 'सान्वी आईला भेटायला बसलीय.' मी मागे पोळ्या लाटत असायचे आणि तेच हसू रोज ऐकायचे. प्रीतम ऑफिसमधून आला की हातपाय धुऊन टॉवेल खांद्यावर टाकून तिथेच थबकायचा. जेवायला या, असं मला तीन वेळा सांगावं लागायचं.

एकदा मी धीर करून सान्वीला म्हटलं, "मला आई म्हटलंस तरी चालेल हं."

तिने खरंच विचार केला. मग म्हणाली, "पण आई आहे ना."

आणि कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं.

त्या पोरीने मला आई म्हणावं, एवढंच मला त्या घरात हवं होतं. ते मशीन टेबलावर आहे तोवर ते होणार नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

निमित्त आयतंच मिळालं. ऑक्टोबरपासून जुन्या विंडोजचे अपडेट बंद होणार, असं सगळीकडे चाललेलं. आमच्या जुन्या मशीनवर नवीन विंडोज चढत नव्हतं. माझ्या दिव्यातल्या मैत्रिणीने मितेशचा नंबर दिला. चाळिशीचा माणूस, वीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्तीचंच काम करतो. तो म्हणाला, फुकट मिळणारी दुसरी सिस्टिम टाकून देतो, मशीन पळायला लागेल.

प्रीतमने नवीन पेन ड्राइव्ह आणून दिला. "आधी वल्लरीचं सगळं यात घ्यायला सांग. घेतलं की मला फोन कर."

मी तो पेन ड्राइव्ह सील न फोडता कपाटात साड्यांखाली ठेवला.

आणि मुद्दाम सोमवार ठरवला. प्रीतम ठाण्याला ऑफिसात, सान्वी दीडला शाळेतून येणार. सासूबाई मोठ्या दिरांकडे मोहन्याला राहतात, त्यांचे गुडघे गेलेत, त्या काही येणार नव्हत्या.

पण त्यांचा फोन आला.

"रसिका, आज अविधवा नवमी. लक्षात आहे ना?"

जी बाई नवऱ्याच्या आधी, सवाष्ण असताना जाते, तिच्यासाठी ही नवमी. तिच्या नावाने एका सवाष्णीला पाटावर बसवून जेवू घालायचं, तिची ओटी भरायची, साडी द्यायची. इतकी वर्षं सासूबाईच करायच्या. या वर्षी त्यांनी माझ्यावर टाकलं होतं. साडी आदल्याच दिवशी दिरांच्या हाती पाठवली होती.

ती साडी मी उघडून बघितली आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

हिरवी इरकल. लाल काठ. हाताला लागली तरी कळत होतं काय चीज आहे ते. मला लग्नात सासूबाईंनी सिंथेटिक दिली होती. जिवंत सुनेला सिंथेटिक आणि मेलेल्या सुनेच्या नावाने इरकल.

"एखादी चांगली सवाष्ण बोलाव हं," सासूबाई म्हणाल्या.

"तळमजल्यावरच्या काकूंना सांगितलंय," मी म्हटलं.

मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

मितेश साडेबारा वाजता आला. मशीन चालू केलं, त्याचा पेन ड्राइव्ह लावला, आणि थांबला.

"ताई, डेटा काढून ठेवलाय ना? बघा हां, एकदा उडवलं की परत नाय यायचं."

"ठेवलाय," मी म्हटलं.

"सगळा?"

"सगळा."

त्याने बटण दाबलं. एक निळी पट्टी डावीकडून उजवीकडे भरायला लागली. मी मागे उभी राहून ती पूर्ण बघितली. वाईट वाटेल असं वाटलं होतं. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

"अर्ध्या तासाचं काम आहे, आपोआप होतं ते," मितेश म्हणाला. "मी खाली जाऊन वडापाव खाऊन येतो. तुम्ही कशाला हात लावू नका."

तो गेला. घरात मी एकटीच.

खीर, वडे, आमटी, सगळं झालेलं होतं. पाट मांडला, रांगोळी काढली, पान वाढलं. बसायला कुणीच नव्हतं.

मग मी आत गेले आणि ती इरकल नेसले.

पाटावर मीच बसले. तांदूळ, नारळ, खण... स्वतःची ओटी स्वतःच भरली. स्वतःलाच हळदीकुंकू लावलं. हे कुणी कधी करत नाही, मला माहीत होतं. मीही सवाष्णच आहे की, असं मनात म्हटलं आणि जेवायला सुरुवात केली.

दीड वाजता सान्वी आली. लॅच उघडून आत आली आणि स्वयंपाकघराच्या दारात थबकली. एका वेणीची रिबीन सुटलेली, खांद्यावर दप्तर. पाटाकडे बघितलं, पानाकडे बघितलं, साडीकडे बघितलं.

माझ्याकडे बघून ती असं कधी थांबत नसे.

तेवढ्यात हॉलमधून आवाज आला...

टुंग.

कॉम्प्युटर सुरू झाल्याचा आवाज. मी उष्ट्या हाताने बाहेर आले. मशीन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झालं होतं. पंखा फिरत होता, हिरवा दिवा लागलेला.

स्क्रीन मात्र काळा होता.

मितेश आला तेव्हाही काळाच. त्याने वायर काढून पुन्हा लावली. मशीनचं झाकण उघडून आतल्या पट्ट्या पुसल्या. मॉनिटरचं बटण दाबलं. काही नाही. मग त्याने कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबलं. छोटा दिवा पेटला. परत दाबलं, विझला.

"मशीन जिवंत आहे ताई," तो म्हणाला. "सगळं चालू आहे आत. फक्त आपल्याला दिसत नाय."

मी टेबलापासून दोनच पावलांवर, स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. ती साडी बदलायचं राहूनच गेलं होतं.

सान्वी हात धुऊन आली. रोजच्यासारखं स्टूल ओढलं. पण रोजच्या जागी बसली नाही. टेबलाच्या डाव्या टोकाला बसली. चौकोनी डागासमोर. तिच्या समोर नुसती रिकामी भिंत होती.

आणि ती भिंतीकडे बघत राहिली. व्हिडिओ बघताना बघायची, तशी.

"सान्वी, काय बघतेस?"



मितेशने मशीन तीन-चारदा बंद-चालू केलं. वेगवेगळी बटणं दाबून काहीतरी साध्या मोडमध्ये टाकलं आणि एकदाचं चित्र आलं. त्याने सुटकेचा श्वास सोडला. मीही. कोरा करकरीत निळा स्क्रीन. एकही फोटो नाही, एकही फोल्डर नाही. घर आता माझं, असं मला वाटलं.

मितेशने सेटिंग उघडली. त्यात दोन चौकोन दिसत होते. डावीकडे मोठा, उजवीकडे लहान. मोठ्यावर आकडा १. लहानावर २.

"हां, म्हणून. ताई, हा तुमचा दोन नंबरचा स्क्रीन आहे. एक नंबर दुसराच लावलाय कुठेतरी. सगळं पिक्चर तिकडे जात होतं, म्हणून हा ब्लँक. कुठाय तो?"

"नाहीये."

"असं कसं? लावलेला दाखवतंय ना."

"दीड वर्षापूर्वीच भंगारात गेला."

मितेश टेबलाखाली वाकला. मशीनच्या मागे टॉर्च मारला. दुसऱ्या वायरची जागा रिकामी होती. तिच्यात धूळ साचलेली.

"कार्ड गंडलं असेल," तो म्हणाला. पण आवाज जरा उतरला होता. त्याने मोठ्या चौकोनावरची खूण काढली. चौकोन गेला. दोन सेकंदांनी पुन्हा आला.

पुन्हा काढली.

पुन्हा आला.

कुठला स्क्रीन कितवा, हे कळायला एक बटण असतं. ते दाबलं की प्रत्येक स्क्रीनवर त्याचा त्याचा आकडा येतो. मितेशने ते दाबलं. आमच्या स्क्रीनवर मोठा २ आला.

"एक," सान्वी म्हणाली.

ती भिंतीकडेच बघत होती. आमचा स्क्रीन तिच्याकडून तिरपा होता, तिला दिसतच नव्हता. आम्ही आकड्यांबद्दल जे बोललो, ते ऐकून म्हणाली असेल, असं मी मनाला सांगितलं.

मितेशने माझ्याकडे बघितलं. आकडा पुसला गेला. त्याने थोडा वेळ जाऊ दिला. मग आवाज न करता हळूच पुन्हा बटण दाबलं...

"परत एक आला," सान्वी म्हणाली.

खाली भाजीवाल्याचा आवाज चालूच होता. मेथी, कोथिंबीर. मला त्या आवाजाला घट्ट धरून बसावंसं वाटत होतं.

मितेशने माउस हलवला. बाण डावीकडे सरकत गेला आणि कडेतून बाहेर गेला. दिसेनासा झाला. दुसरा स्क्रीन आहे असं मशीनला वाटत असलं की असं होतं म्हणे. त्याने माउस उजवीकडे ओढला. बाण आला नाही. तीनदा ओढला. नाही आला.

त्याने माउसवरचा हात काढला.

आणि मग बाण आला...

आपणहून. हळूहळू. डाव्या कडेतून, काहीतरी ओढत. आधी एक पांढरी कड दिसली, मग चौकट, मग एक फोटो. अर्धाच आला आणि थांबला. उरलेला अर्धा पलीकडे होता.

फोटोत सान्वी होती.

वल्लरीने काढलेले सगळे फोटो मला पाठ होते. हा त्यातला नव्हता. यात सान्वी आठ वर्षांची होती. शाळेचा युनिफॉर्म, एका वेणीची सुटलेली रिबीन. हे स्टूल, हा हॉल, हे ऊन. आत्ताचा फोटो, भिंतीच्या बाजूने काढलेला.

सान्वी त्यात हसत होती. पूर्ण, डोळ्यांनी. दीड वर्ष मी तिच्यासाठी डबे भरले, तापात उशाशी बसले, गॅदरिंगचे कपडे शिवले. माझ्याकडे बघून ती एकदाही असं हसली नाही. भीती वाटायच्या आधी मला तेच झोंबलं, अजूनही झोंबतं.

तिचं डोकं डावीकडे कललेलं होतं. कुणाच्या तरी खांद्यावर टेकवल्यासारखं. फोटो जिथे कापला गेला होता तिथे, अगदी कडेला, दोन बोटं रुंद पदर दिसत होता.

हिरवा. लाल काठांचा.

आणि सान्वीच्या मागे स्वयंपाकघराचं दार होतं. मी मघापासून तिथेच उभी होते, चौकटीला धरून, तीच साडी नेसून.

फोटोत ते दार रिकामं होतं.

मितेशने भिंतीतला प्लग खेचून काढला. बॅग उचलली आणि चपला हातात घेऊन जिना उतरला. त्याचा पेन ड्राइव्ह तसाच राहिला. तेव्हापासून त्याने माझा फोन उचललेला नाही.

सान्वी स्टुलावरून उतरली आणि जेवायला बसली. विचारलं तर म्हणाली, "काय? मी तर होमवर्क आठवत होते."

संध्याकाळी प्रीतमला मी सांगितलं की मितेशने बॅकअप घेतलाच नाही. प्रीतमने ठाण्यातल्या तीन दुकानांत मशीन फिरवलं. काहीही परत मिळालं नाही. तिसऱ्या दिवशी तो बाथरूममध्ये नळ सोडून रडला. मी बाहेर टॉवेल घेऊन उभी होते. खरं काय झालं, ते मी पहिल्यांदा इथेच लिहितेय. तो असली भुताच्या गोष्टींची पेजेस वाचत नाही.

नवमीच्याच रात्री सासूबाईंचा पुन्हा फोन आला होता.

"जेवली का गं सवाष्ण पोटभर?"

"हो."

"बरं झालं. मनाला समाधान वाटतं. अगं, त्या दिवशी पाटावर जी बसते ना, तिला आपण वल्लरीच समजायचं. वल्लरीच येऊन जेवली, असं. जाताना दारापर्यंत पोचवलंस ना काकूंना?"

मी दाराकडे बघितलं.

"पोचवावं लागतं गं. जेवली, ओटी घेतली, की तिने आपल्या घरी जायचं."

मी तर घरातच होते.

फोन ठेवला. ताट घासायला घेतलं. मागून सान्वीचा आवाज आला...

"आई, पाणी दे ना."

मी वळले. ती माझ्याशीच बोलत होती. हातात रिकामा पेला होता. मी पाणी दिलं. ती प्यायली आणि हसली. तेच हसू, फोटोतलं. डोळ्यांनी.

तेव्हापासून ती मला आई म्हणते. शाळेतून आली की गळ्यात पडते. वेणी माझ्याकडूनच घालून घेते. व्हिडिओ गेले म्हणून एकदाही रडली नाही. शेजारणी म्हणतात, रसिका, पोरीला किती लळा लावलास. प्रीतम परवा म्हणाला, तू नसतीस तर काय झालं असतं. मशीन आता भंगारात गेलंय, टेबलही.

मला हवं होतं ते सगळं मिळालं. आणि मी अजून जळतेय. आता तर जास्तच. कारण 'आई' म्हणताना सान्वी माझ्या डोळ्यांत बघत नाही. जरा बाजूला बघते. वीतभर. नेहमी त्याच बाजूला.

पुढच्या आठवड्यात पुन्हा नवमी आहे. सासूबाईंनी साडी पाठवलीय. या वेळी मी खरंच सवाष्ण शोधतेय, चार घरी विचारून आले. तळमजल्यावरच्या काकू गावाला गेल्यात. बाकीच्यांना जमत नाही.

काल रात्री मी यादी करत बसले होते. सान्वी जवळ आली, माझ्या मांडीवर हात ठेवला.

"आई, दुसऱ्या कुणाला कशाला बोलवायचं? मागच्या वेळसारखी तूच बस ना पाटावर."

हे ती माझ्या डावीकडे बघून म्हणाली.

मी तिकडे मान वळवली नाही. अजून वळवलेली नाही.